पाण्यातील औषधी प्रदूषके व कार्बनी पृष्ठशोषके

माणसांना व जनावरांना दिलेल्या औषधांचा काही भाग शरीरात न बदलता मलमूत्रावाटे सांडपाण्यात उतरतो. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक, कार्बामाझेपीन हे अपस्मारावरील औषध आणि सल्फामेथॉक्साझोल हे प्रतिजैविक ही त्यांतील वारंवार आढळणारी द्रव्ये होत. त्यांचे प्रमाण लिटरमागे काही नॅनोग्रॅम ते काही मायक्रोग्रॅम इतके अल्प असते. तथापि जीवाणूंवर चालणाऱ्या नेहमीच्या शुद्धीकरणातून कार्बामाझेपीन जवळजवळ जसेच्या तसे बाहेर पडते. अशी द्रव्ये सच्छिद्र कार्बनच्या पृष्ठभागावर धरून ठेवण्याच्या क्रियेस पृष्ठशोषण म्हणतात.

सक्रियित कार्बनच्या (प्रक्रिया करून अतिशय सच्छिद्र बनवलेल्या कार्बनच्या) एका ग्रॅमचे पृष्ठफळ साधारणतः ५०० ते १,५०० चौ. मी. भरते. पाण्याशी फारसे सख्य नसलेले, बेंझीनसारखी वलये असलेले रेणू त्यावर घट्ट बसतात; उलट, क्ष-किरण तपासणीत वापरली जाणारी, पाण्यात सहज विरघळणारी आयोडीनयुक्त द्रव्ये त्याला फारशी दाद देत नाहीत. पाण्याचा सामूही (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) महत्त्वाचा असतो. उदासीन पाण्यात डायक्लोफेनॅक ऋणभारित असते, त्यामुळे कार्बनचा पृष्ठभागही ऋणभारित असल्यास दोहोंत प्रतिसारण होते.

शेतीतील अवशेष कमी ऑक्सिजनात तापवून केलेला जैविक कोळसा, अतिसूक्ष्म कार्बन नलिका व ग्राफीन (एका अणूच्या जाडीचा कार्बनचा थर) यांवरही पुष्कळ संशोधन झाले आहे. ग्राफीनचे सैद्धांतिक पृष्ठफळ ग्रॅमला सुमारे २,६३० चौ. मी. आहे, पण त्याचे थर एकमेकांना चिकटतात आणि त्यातले बरेचसे वाया जाते.

मात्र केवळ पृष्ठफळावरून पदार्थाची योग्यता ठरवणे चुकीचे ठरते. प्रयोगशाळेत बहुधा शुद्ध पाण्यात एकच औषध, तेही लिटरमागे मिलिग्रॅमांच्या प्रमाणात, घालून धारणक्षमता मोजली जाते. खऱ्या सांडपाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ औषधांच्या हजारो पट असतात. त्यांतील लहान रेणू पृष्ठभागावरील जागा बळकावतात, तर मोठे रेणू सूक्ष्मरंध्रांची तोंडेच बुजवतात. त्यामुळे कोणत्या पाण्यात मोजली हे न सांगता दिलेल्या क्षमतेच्या आकड्याला व्यवहारात फारसा अर्थ उरत नाही.

प्रत्यक्ष सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांत अजूनही मुख्यतः सक्रियित कार्बनच वापरला जातो. स्वित्झर्लंडमध्ये २०१६ पासून लागू झालेल्या नियमांनुसार निवडक केंद्रांनी ठरावीक सूचक द्रव्ये (शुद्धीकरण किती झाले हे पडताळण्यासाठी निवडलेली द्रव्ये) ८० टक्के काढणे अपेक्षित असून, त्यासाठी कार्बन किंवा ओझोन वापरतात. ओझोनमुळे औषधांपासून नवी संयुगे तयार होऊ शकतात, तशी अडचण पृष्ठशोषणात येत नाही. पण येथे प्रदूषक नष्ट न होता केवळ जागा बदलते. म्हणून वापरलेली कार्बनची भुकटी बहुधा गाळाबरोबर जाळतात, तर दाणेदार कार्बन सुमारे ८०० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानाला वाफेच्या साहाय्याने पुनरुज्जीवित करतात. या क्रियेत त्याचा काही अंश घटतो.