जबड्याच्या सांध्याची उशिरा पक्की होणारी कड

खालच्या जबड्याचे गोलसर टोक कानाच्या अगदी पुढे, कवटीच्या शंखास्थीतील खोबणीत बसते आणि दोहोंमध्ये तंतुमय चकती असते. प्रौढांमध्ये ही खोबण खोल असून तिच्या पुढे हाडाचा उंचवटा असतो. तोंड मोठे उघडताना जबड्याचे टोक त्याच्या उतारावरून पुढे घसरते. नवजात बाळात मात्र खोबण जवळजवळ सपाट असते आणि उंचवट्याचा मागमूसही नसतो. दूध ओढताना जबडा मागेपुढे सरकतो, तेव्हा ही सपाटी बाळाच्या सोयीचीच म्हणायची.

दुधाचे दात येऊन चावणे सुरू होते त्या काळात उंचवटा झपाट्याने वाढतो. दहाव्या वर्षापर्यंत त्याचा उतार प्रौढांच्या सुमारे ७० टक्के होतो. उरलेली वाढ पुढे संथपणे चालते.

जबड्याच्या टोकाची घडण याहून विलक्षण आहे. हातापायांच्या लांब हाडांची वाढपट्टी सांध्याच्या पृष्ठभागापासून थोडी दूर असते, पण इथे वाढणारी कूर्चा सांध्याच्या तंतुमय आवरणाला लागूनच असते. तान्ह्या बाळात ती जाड आणि रक्तवाहिन्यांनी युक्त असते. पहिल्या काही वर्षांत ती पातळ होत जाते. हाड वर आणि मागे वाढते, परंतु वर कवटी असल्यामुळे प्रत्यक्षात हनुवटीच खाली आणि पुढे सरकते.

या टोकाभोवती घट्ट हाडाची सलग कड मात्र साधारणपणे तेराव्या-चौदाव्या वर्षी दिसू लागते आणि विशीच्या सुरुवातीला पूर्ण होते. त्यामुळे दहा वर्षांच्या मुलाच्या सीबीसीटी (क्ष-किरणांनी घेतलेल्या त्रिमितीय) चित्रात ही कड पुसट दिसली, तर केवळ तेवढ्यावरून हाड झिजल्याचे निदान करणे चुकीचे ठरेल. प्रौढांच्या चित्रांना सरावलेल्या नजरेची इथे सहज फसगत होते.

लहान मूल हनुवटीवर पडले, तर जबड्याच्या हाडाच्या आखूड, जाड मानेवरचे हे मऊ टोक चिरडले जाऊ शकते. सांध्यात साचलेल्या रक्तातून हाड तयार होऊन जबडा कवटीला जखडण्याचा धोका असतो. मात्र वाढत्या हाडात स्वतःला पुन्हा घडवण्याची क्षमताही मोठी असते. म्हणूनच अशा अनेक मुलांमध्ये शस्त्रक्रिया टाळून मऊ आहार दिला जातो, तोंड उघडण्याचे व्यायाम लवकर सुरू केले जातात आणि तोंड कमी उघडते का, हनुवटी दुखापतीच्या बाजूला कलते का, हे पुढे काही वर्षे पाहिले जाते.