मणका 'कट्' वाजला म्हणजे जागेवर बसला का?

सध्या रील्सवर कायरोप्रॅक्टिकवाले, म्हणजे हातानं हिसके देऊन मणके 'बसवणारे', धो धो येतायत, मान धरली, हिसका दिला, कट्ट आवाज आणि पेशंट खूश. भाचा मिरजेत एमबीबीएस करतोय, त्याच्या रूमवर यावरनं जोरदार वाद, निम्मी पोरं म्हणतात सगळं थोतांड, बाकीची म्हणतात अरे पण आवाज येतोय ना, म्हणजे काहीतरी जागेवर बसत असणारच. ॲनाटॉमी पास झालेली पोरं बरं का ही!

तर तो आवाज हाडाचा नसतोच. मणक्यांच्या मागच्या बाजूला छोटे सांधे असतात, फॅसेट जॉइंट म्हणतात त्यांना, त्यात सायनोव्हियल फ्लुइड नावाचा चिकट द्रव आणि त्यात विरघळलेला गॅस. सांधा ताणला की त्या चिकटपणामुळं दोन्ही पृष्ठभाग आधी सुटत नाहीत, मग एकदम सुटतात, आतलं प्रेशर धाडकन उतरतं आणि गॅसची पोकळी तयार होते, गोटी सोडा फोडल्यावर बुडबुडे येतात त्यातलाच प्रकार. बोटं मोडतानाचा आवाजही असाच. आता आवाज पोकळी होताना की फुटताना, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत. १९४७ ला लंडनवाले म्हणाले होताना, १९७१ ला लीड्सवाले म्हणाले फुटताना, २०१५ ला कॅनडात बोटं एमआरआयमध्ये घालून ओढली तर आवाजानंतरही पोकळी तशीच, आणि २०१८ चं गणित म्हणतं अर्धवट फुटली तरी आवाज येईल. गॅस परत विरघळायला वीसेक मिनिटं लागतात, म्हणून तेच बोट लगेच परत मोडत नाही, आत्ता करून बघा. यात 'सरकलेला मणका बसला' कुठंच नाही.

१८९५ ला अमेरिकेत पामरनं, म्हणजे ज्यानं हे कायरोप्रॅक्टिक काढलं त्यानं, पाठीला झटका देऊन बहिऱ्याला ऐकू आणल्याचा दावा केला आणि बहुतेक आजारांचं खापर मणक्यावर फोडलं, ते भंपकच. पण थोतांडवाल्या पोरांनीही जरा दमानं घ्यावं, नुसत्या कंबरदुखीत मॅनिप्युलेशननं, म्हणजे अशा हिसक्यानं, थोडा आराम पडतो, साधारण व्यायामाइतकाच.

तसा आपल्याकडं उसण भरली की पायाळू (पायाकडून जन्मलेल्या) माणसाची लाथ खायचा उपाय आहेच. उसण बऱ्याचदा आपली आपणच उतरते, श्रेय शेवटच्या लाथेला.

मानेचं मात्र वेगळं. मेंदूकडं जाणारी व्हर्टिब्रल आर्टरी मानेच्या मणक्यांच्या भोकांतनं वर चढते आणि कवटीखाली वळण घेते. जोराच्या हिसक्यानंतर तिचं आतलं अस्तर फाटून, गुठळी होऊन स्ट्रोक आल्याच्या केसेस आहेत, क्वचित, पण आहेत. सलूनमध्ये मालिश झाल्यावर मान मोडून देतात ती फुकट असली तरी नको म्हणा.