स्मरण गेले तरी बोट शिकते

माडावरून पडून डोक्याला मार बसलेल्या आमच्या वाडीतील एका काकांचा मोबाइल घरच्यांनी काढून घेतला. पहिल्या काही दिवसांची विश्रांती योग्यच होती. पण वर्ष उलटले तरी तोच नियम राहिला, आणि भजनाचा वार, रत्नागिरीच्या एसटीची वेळ काहीही ध्यानात न राहणारे काका पडवीपुरते उरले. बाहेरचे लागले म्हणून गाऱ्हाणीही घालून झाली. जखम मात्र मेंदूला होती.

ठरलेले काम ऐन वेळी आठवणे हे मुख्यतः कपाळामागच्या मेंदूचे काम, आणि ती उणीव फोनचा गजर भरून काढू शकतो. परंतु ज्याच्या नवे लक्षात राहत नाही, तो फोन शिकणार कसा?

अपस्मारावरील उपचार म्हणून 1953 मध्ये अमेरिकेतील हेन्री मोलेसन यांच्या मेंदूतील दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या भागाचा, मोठा हिस्सा काढण्यात आला आणि त्यांना नव्या घटना आठवेनाशा झाल्या. तरीही मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्यांना आरशात पाहून चांदणी गिरवायला लावली, तेव्हा दिवसागणिक त्यांच्या चुका घटल्या, जरी आदल्या दिवशीचा सराव त्यांना मुळीच आठवत नव्हता. कौशल्याची स्मृती बेसल गँग्लिया आणि अनुमस्तिष्क या मेंदूच्या इतर भागांच्या आधारे वेगळ्या वाटेने घडते. या वाटेची एक अडचण आहे. आपली चूक आपल्याला आठवते, म्हणून आपण ती टाळतो. ज्याला ती आठवत नाही, त्याच्या बाबतीत चुकीची कृतीच सरावाने पक्की होत जाते. म्हणूनच मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन यांनी 1994 मध्ये नवे लक्षात न राहणाऱ्या रुग्णांना अंदाज करू न देता थेट बरोबर उत्तर दिले, तेव्हा ते अधिक चांगले शिकले.

काकांच्या मुलीने हेच केले. ‘कुठे दाबायचे, आठवते का?’ असे विचारणे तिने सोडले आणि रोज त्यांचे बोट स्वतःच्या हाताने धरून त्याच हिरव्या चौकटीवर ठेवले. साडेसहाला गजर होई, चौकट दाबताच तिचाच आवाज येई: ‘बाबा, भजनाला चला, टाळ फळीवर आहेत.’ मध्येच अपडेट होऊन चौकटीची जागा बदलली आणि आठवडाभराचा सराव पुन्हा करावा लागला; अशा घरात फोन बदलण्याची हौस करू नये. स्मरणशक्ती वाढवण्याची हमी देणाऱ्या खेळांवरही पैसे घालवू नयेत, कारण त्यांतून बहुतांशी तो खेळच चांगला जमू लागतो.

आता दर गुरुवारी काका टाळ घेऊन देवळात असतात. फोन कोणी शिकवला असे विचारले, तर ते म्हणतात, ‘शिकवायचे काय त्यात? मला पहिल्यापासून येतो.’