हॉटस्पॉट की यूएसबी टेदरिंग? फोनचं नेट लॅपटॉपला देताना

'हॉटस्पॉट लावलाय' म्हणत माणसं लॅपटॉपला केबल खुपसून बसतात आणि नेट येईना म्हणून फोनला नावं ठेवतात. दोष त्यांचा तरी किती? ॲंड्रॉइडच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट (फोनचं नेट वाय-फायनं देणं) आणि यूएसबी टेदरिंग (तेच नेट केबलनं देणं) या दोन्ही गोष्टी 'हॉटस्पॉट आणि टेदरिंग' अशा एकाच पानावर कोंबलेल्या असतात. पण हॉटस्पॉट चालू करून नुसती केबल जोडली तर त्या केबलमधून फक्त चार्जिंग होतं. आणि केबल न जोडता यूएसबी टेदरिंग चालू करायला गेलात तर ते बटण करड्या रंगात निपचित पडलेलं असतं, कितीही दाबा, हलत नाही.

दोन्हीकडे खर्च होतो तो त्याच सिमचा डेटा. टॉवरपासून फोनपर्यंतचा मार्गही तोच. फरक आहे तो फोनपासून लॅपटॉपपर्यंतच्या शेवटच्या टप्प्याचा. एकाच विहिरीचं पाणी उघड्या पाटानं न्यायचं की पाइपनं, एवढाच प्रश्न. म्हणून 'केबल लावली की नेट पळतं' हे अर्धंच खरं. टॉवरकडून २० एमबीपीएस मिळत असतील तर केबलनं त्याचे ४० होत नाहीत. साध्या यूएसबी २.० केबलची कागदावरची क्षमता ४८० एमबीपीएस आहे, पण विहिरीतच पाणी नसेल तर पाइप जाड असून काय उपयोग?

हॉटस्पॉटमध्ये फोन छोटा वाय-फाय राउटर होतो. नाव आणि पासवर्ड देतो, आणि एकाच वेळी चार-पाच जणांना जोडून घेतो. वसतिगृहाच्या खोलीत एकाचा डेटा आणि चौघांचे लॅपटॉप असा मामला असेल तर दुसरा विचारच नको; केबल एकाच लॅपटॉपला नेट देते. टेदरिंगमध्ये मात्र लॅपटॉपला वाटतं की आपल्याला तारेचं ब्रॉडबँड जोडलंय. विंडोजच्या खालच्या कोपऱ्यात वाय-फायच्या पंख्याऐवजी छोट्या मॉनिटरचं चित्र दिसतं. ते दिसलं की समजायचं, नेट केबलनं येतंय. पासवर्ड नाही, शेजारचा फुकट्या नाही, आणि अपार्टमेंटमधल्या वीस राउटरांच्या गोंगाटाचा त्रासही नाही. व्हिडिओ कॉलवर आवाज तुटत असेल आणि फोनवर रेंज पूर्ण दिसत असेल, तर केबल लावून बघावी. वेग वाढला नाही तरी अडखळणं बऱ्याचदा थांबतं.

आता बॅटरी. हॉटस्पॉट चालू असताना फोन एकीकडे टॉवरशी बोलतो आणि दुसरीकडे वाय-फाय सोडत राहतो, म्हणून तो तापतो आणि बॅटरी भराभर उतरते. रेंज कमी असेल तर आणखीच, कारण लांबच्या टॉवरपर्यंत पोचायला फोनला जास्त जोर लावावा लागतो. केबलनं जोडला तर फोन लॅपटॉपवरून चार्ज होत राहतो. मात्र जुन्या लॅपटॉपचं यूएसबी पोर्ट जेमतेम अर्धा ॲम्पिअर देतं, त्यामुळे टक्के वाढले नाहीत तरी निदान उतरण्याचा वेग कमी होतो.

लाइट नसेल तेव्हा मात्र हेच गणित उलटं फिरतं. पावसाळ्यात सातारा जिल्ह्यात बामणोली-मेढ्याकडे वारा सुटला की तारा तुटतात, राउटर बंद पडतो आणि लॅपटॉप बॅटरीवर येतो. अशा वेळी केबल लावली की फोन लॅपटॉपची बॅटरी शोषून घेतो. पुण्याच्या कंपनीची मीटिंग गावाकडून उरकायची असेल तर फोनला पॉवर बँक लावावी आणि हॉटस्पॉट वापरावा, म्हणजे लॅपटॉप तास-अर्धा तास जास्त ओढतो.

माझ्या मते निवड करताना वेग आणि बॅटरी यांच्याआधी एक गोष्ट पाहावी: घरात रेंज कुठे आहे? सातारा शहरात पोवई नाका किंवा गोडोलीत फोन टेबलावर ठेवला तरी चालतो, तिथे केबल लावून मोकळं व्हावं. यवतेश्वरचा घाट चढून कासकडे गेलात की डोंगर आडवे येतात. शिवसागर जलाशयाच्या काठच्या वाड्यांत तर एखाद्या खिडकीशी दोन काड्या आणि आतल्या खोलीत शून्य, असा प्रकार नेहमीचा. जुन्या घरांच्या जाड दगडी भिंती असतील तर अडचणीत भर. इथे मीटरभराच्या केबलनं फोन लॅपटॉपशेजारी बांधून ठेवला तर टॉवरच दिसेनासा होतो. फोन खिडकीत, नाहीतर माळवदावर ठेवावा आणि हॉटस्पॉटनं नेट आत आणावं. लॅपटॉप कुठे ठेवायचा ते आपण ठरवू शकतो, रेंज कुठे यायची ते नाही.

फक्त अशा वेळी हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड, म्हणजे वाय-फायची फ्रिक्वेन्सी, २.४ गिगाहर्ट्झ निवडलेला असावा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असतो, पण भिंतीपलीकडे लवकर दमतो. २.४ लांब जातो. शिवाय सात-आठ वर्षांपूर्वीच्या स्वस्त लॅपटॉपांना ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही. 'माझ्या मोबाइलला तुझा हॉटस्पॉट दिसतो, लॅपटॉपला दिसत नाही' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. आयफोनवर यासाठी 'कमाल सुसंगतता' अशा अर्थाचा पर्याय असतो, तो चालू करायचा. बँड बदलूनही जुना लॅपटॉप जोडला जात नसेल तर सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए३ ही नवी सुरक्षा पद्धत निवडलीय का ते पाहा. डब्ल्यूपीए२ केलं की बरेच जुने लॅपटॉप मुकाट जोडले जातात.

टेदरिंगच्या तक्रारी वेगळ्या, आणि त्यांतली पहिली म्हणजे केबल. नाक्यावरच्या टपरीत मिळणाऱ्या काही स्वस्त केबलींमध्ये वीज नेणाऱ्या तारा असतात, डेटाच्या नसतातच. फोन चार्ज होतो, त्यामुळे केबल चांगली आहे असं वाटतं, आणि टेदरिंगचं बटण मात्र करडंच राहतं. दुकानदाराला 'डेटा केबल द्या' असं सांगावं, आणि शक्य असेल तर तिथेच जोडून बघावं. केबल ठीक असेल तर फोनवर सूचना येते: फक्त चार्जिंग, फाइल ट्रान्सफर, की यूएसबी टेदरिंग. यातलं एकच निवडायचं असतं. नेट चालू असताना मध्येच फोटो काढून घ्यायला फाइल ट्रान्सफर दाबलं तर नेट जातं.

केबल क्षणभर निसटली तरी टेदरिंग बंद होतं आणि ते पुन्हा हातानं चालू करावं लागतं. टाइप-सीचं पोर्ट ढिलं झालेल्या फोनवर प्रवेशाचा किंवा भरतीचा फॉर्म भरत असाल आणि पैसे भरण्याच्या पानावर कोपर लागला, तर रक्कम कापली गेली की नाही याचा हिशेब लावत बसावं लागतं. रोज टेदरिंग वापरणाऱ्यांनी फोनचे डेव्हलपर पर्याय (सेटिंगमधला एरवी लपलेला भाग) उघडून 'डीफॉल्ट यूएसबी कॉन्फिगरेशन' टेदरिंगवर ठेवावं, म्हणजे केबल जोडताच नेट सुरू होतं. विंडोज लॅपटॉपवर आयफोन केबलनं जोडायचा तर आधी ॲपलचं सॉफ्टवेअर टाकावं लागतं आणि फोनवर 'या संगणकावर विश्वास ठेवा' म्हणावं लागतं. ॲंड्रॉइडला विंडोजवर बहुधा काहीच टाकावं लागत नाही.

आता पैशाचा मुद्दा. रोजचा दीड-दोन जीबीचा प्लॅन असेल आणि तो संपला की वेग ६४ केबीपीएसवर येत असेल, तर एक गोष्ट महागात पडते. केबलनं आलेलं नेट विंडोज तारेचं, म्हणजे भरपूर असलेलं समजतं आणि मागच्या दारानं अपडेट उतरवायला घेतं. ड्राइव्हवर फोटोही चढू लागतात. दुपारपर्यंत कोटा साफ. उपाय विंडोजच्या सेटिंगमध्येच आहे: नेटवर्कच्या पानावर 'मीटर्ड कनेक्शन', म्हणजे मोजून वापरायचं नेट, चालू करायचं. पण वाय-फायसाठी ते केलं म्हणून इथरनेटसाठी (तारेच्या नेटसाठी) होत नाही, आणि टेदरिंग इथरनेटच्या खात्यात मोडतं. दोन्हीकडे वेगवेगळं करा.

त्याच सेटिंगमध्ये विंडोजचाही एक 'मोबाइल हॉटस्पॉट' आहे. नाव वाचून लोक तोच चालू करतात आणि वाट बघत बसतात. तो उलटा आहे: लॅपटॉपचं नेट फोनला देण्यासाठी. फोनचं नेट घ्यायचं असेल तर त्याला हात लावायची गरज नाही.

ब्लूटूथ टेदरिंग नावाचा तिसरा भाऊही त्या पानावर असतो. बॅटरी कमी खातो, पण चालतो इतका हळू की मेल वाचण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही.

टेदरिंगची एक करामत मात्र फार कमी जणांना ठाऊक असते. ॲंड्रॉइड फोन घरच्या वाय-फायला जोडलेला असेल, तर केबलनं तो मोबाइल डेटाऐवजी ते वाय-फायच लॅपटॉपला पुरवतो. म्हणजे लॅपटॉपचं वाय-फाय कार्ड बिघडलं असेल तर नवं आणेपर्यंत फोनच कार्डाचं काम करतो, आणि सिमचा एक एमबीही जात नाही. लॅपटॉप फॉरमॅट करून नवी विंडोज टाकल्यावरही हेच कामी येतं. वाय-फायचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) नसतो म्हणून नेट नाही, आणि नेट नाही म्हणून ड्रायव्हर उतरवता येत नाही, अशा कात्रीत लॅपटॉप सापडतो. तिथे हॉटस्पॉट काही करू शकत नाही, कारण तो पकडायला लॅपटॉपकडे चालू वाय-फाय हवं. केबल लावा, टेदरिंग चालू करा, ड्रायव्हर उतरवा, आणि मग हवं तर पुन्हा हॉटस्पॉटवर या.