६ जून की १६ जून?

रायगडावर राज्याभिषेक झाला त्या दिवशी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी होती, शके १५९६. इंग्रजी तारीख विचारली तर आपण झटकन ६ जून १६७४ सांगतो. समारंभाला हजर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन याच्या लेखी ६ जूनच होती. गोव्यातल्या पोर्तुगीज कारकुनाच्या लेखी मात्र त्या दिवशी १६ जून होती. चूक दोघांचीही नव्हती. युरोपात नव्वद वर्षांपूर्वी जुंपलेल्या एका भांडणाचे हे पडसाद होते.

ज्युलियस सीझरच्या दिनदर्शिकेत वर्ष ३६५ दिवस ६ तासांचं धरलेलं. खरं सौर वर्ष त्याहून साधारण अकरा मिनिटांनी लहान. अकरा मिनिटं म्हणजे एक चहा! पण हे चहा साठत जातात आणि १२८ वर्षांत अख्खा दिवस खातात. चौथ्या शतकात २१ मार्चला धरलेला वसंतसंपात (वसंतात दिवस-रात्र समान होतात तो दिवस) सोळाव्या शतकात ११ मार्चवर आला. ईस्टरचं गणित याच संपातावर बेतलेलं, त्यामुळे चर्च अस्वस्थ. (अधिक महिना घालून सण ऋतूंना बांधून ठेवणाऱ्यांना ही अस्वस्थता कळायला हरकत नाही.)

उपाय सुचवला लुइजी लिलिओ या इटालियन वैद्याने. शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जात नसेल, तर ते लीप वर्ष धरायचं नाही. म्हणून १६०० लीप, १७०० नाही. साचलेले दहा दिवस एकदाच गाळायचे. पोप तेराव्या ग्रेगरीने फेब्रुवारी १५८२ मध्ये तसा हुकूम काढला. स्पेन, पोर्तुगाल आणि इटलीच्या बऱ्याच भागात लोक गुरुवारी ४ ऑक्टोबरला झोपले आणि उठले ते शुक्रवारी, १५ ऑक्टोबरला. वारांची साखळी तेवढी तुटू दिली नाही. आव्हिलाची संत तेरेसा (मदर तेरेसा नव्हे) नेमकी त्याच रात्री स्पेनमध्ये वारली; दुसऱ्या दिवशी तिचं दफन झालं, ते १५ तारखेला.

गणित बिनतोड होतं. अडलं ते हुकमाच्या सहीपाशी. पोपची सत्ता झुगारणाऱ्या मार्टिन लूथरच्या बंडाला तोवर पासष्ट वर्षं झाली होती. पोपला न मानणारे प्रोटेस्टंट त्याची तारीख कशी मानणार? आउग्सबुर्ग या जर्मन शहरात बहुसंख्य लोक प्रोटेस्टंट, पण नगरपरिषदेत कॅथलिकांचं वजन. शेजारच्या कॅथलिक बव्हेरियाशी व्यापार करायचा तर बाजाराचे दिवस जुळायला हवेत, हे परिषदेचं म्हणणं व्यवहाराला धरूनच होतं. पण विरोध करणाऱ्या गेओर्ग म्युलर या धर्मोपदेशकाला १५८४ मध्ये शहराबाहेर काढायला निघाले, तसे लोक रस्त्यावर उतरले.

हॉलंडची गंमत वेगळीच. कॅथलिक स्पेनशी लढाई चालू असतानाही त्यांनी नवी दिनदर्शिका लगेच उचलली. शेजारच्या उत्रेख्तने मात्र १७०० पर्यंत दाद दिली नाही. त्यामुळे ॲमस्टरडॅमहून चाळीसेक किलोमीटर गेलं की माणूस दहा दिवस मागे! हुंडीची मुदत नेमकी कुठल्या तारखेला भरते, यावर घोळ नको म्हणून पत्रांवर अपूर्णांकासारख्या दोन्ही तारखा घालायची रीत पडली.

इंग्लंड नमलं ते थेट १७५२ साली. १७०० हे त्यांच्याकडे लीप वर्ष धरलं गेल्याने फरक अकरा दिवसांचा झाला होता. २ सप्टेंबरनंतर एकदम १४ उजाडली. भाडी आणि देणी मात्र पूर्ण दिवस भरल्यावरच द्यायची, असं कायद्यातच घातलं. ब्रिटनचं करवर्ष आजही ६ एप्रिलला सुरू होतं, ते याच ओढाताणीतून.

मुंबईने तर दोन्ही बाजू पाहिल्या. १६६५ मध्ये बेट पोर्तुगीजांकडून इंग्रजांकडे आलं आणि सरकारी कागदांवरची तारीख दहा दिवस मागे गेली. १७५२ मध्ये ते दिवस परत द्यावे लागले, वर एक दिवस व्याज.