१२ लाख ‘टॅक्स फ्री’ नाहीत: करमुक्त मर्यादा वेगळी, रिबेट वेगळा

१ फेब्रुवारी २०२५ ला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांचं बजेट झालं आणि संध्याकाळपर्यंत इंदुरात सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं: १२ लाखांपर्यंत टॅक्स नाही. हे वाक्य खोटं नाही. त्याच्या शेपटाला धरून येणारं दुसरं वाक्य मात्र साफ चूक आहे: ‘म्हणजे १३ लाखवाल्याला फक्त वरच्या एका लाखावर टॅक्स.’ राजवाड्यावर असो की रामबागेत, सोसायटीच्या ग्रुपवर असो की लग्नाच्या पंगतीत, हे दुसरं वाक्य अजूनही तितक्याच ठामपणे ऐकवलं जातं. बजेटवर खूश व्हा, नाराज व्हा, ज्याची त्याची मर्जी. पण नेमकं काय मिळालंय ते एकदा नीट बघून घ्या.

नव्या कररचनेचे स्लॅब बहुतेकांना पाठ आहेत, म्हणून एका दमात सांगतो. २०२५-२६ साठी ४ लाखांपर्यंत शून्य, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५, १६ ते २० वर २०, २० ते २४ वर २५ आणि त्याच्या वर ३० टक्के. आलेल्या करावर ४ टक्के सेस. पगारदार आणि पेन्शनर यांना आधी ७५ हजारांची स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट वजावट. (खालचे कलमांचे आणि फॉर्मांचे क्रमांक १९६१ च्या कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नव्या आयकर कायद्यात क्रमांक बदलतात.)

आता हे स्लॅब पुन्हा वाचा. त्यात १२ लाखांपर्यंत शून्य असं कुठेही लिहिलेलं नाही. शून्य आहे ते ४ लाखांपर्यंत. ही झाली करमुक्त मर्यादा, आणि ती वर्षाला ५ लाख कमावणाऱ्यालाही मिळते, ५ कोटीवाल्यालाही.

१२ लाखांचा आकडा येतो तो कलम ८७अ मधून, म्हणजे रिबेटमधून. सियागंजातल्या दुकानदाराने बिल करताना पहिल्या दोन वस्तूंची किंमत लावलीच नाही, ती करमुक्त मर्यादा. बिल पूर्ण झालं, बेरीज मारली, मग बेरजेकडे बघून तो म्हणाला, ‘इतकंच आहे ना, राहू द्या’, तो रिबेट. पण बेरीज त्याने ठरवलेल्या आकड्याच्या वर गेली, तर तो पहिल्यापासूनचं सगळं बिल मागतो. इथेच लोक फसतात. त्यांना वाटतं, वर गेलेला भाग तेवढा द्यायचा.

करपात्र उत्पन्न बरोबर १२ लाख असलेल्याचा कर आधी लागतोच: ४ ते ८ लाखांवर २० हजार, ८ ते १२ लाखांवर ४० हजार, एकूण ६० हजार. मग ८७अ खाली जास्तीत जास्त ६० हजारांचा रिबेट मिळतो आणि भरायची रक्कम शून्य होते. करपात्र उत्पन्न १३ लाख असेल तर तेच ६० हजार, अधिक वरच्या लाखावर १५ हजार, म्हणजे ७५ हजार. रिबेट शून्य. सेसचे ३ हजार धरून ७८ हजार. ग्रुपवरच्या हिशेबाप्रमाणे ही रक्कम १५ हजार यायला हवी होती. हा ६३ हजारांचा फरक जुलैत रिटर्न भरताना कळतो, आणि मग शिव्या बिचाऱ्या सीएला.

यावर हुशार माणूस विचारतो: मग १२ लाखांवर एक रुपया जास्त झाला तर ६० हजार भरायचे? नाही. त्यासाठी मार्जिनल रिलीफ आहे. नियम सोपा: १२ लाखांच्या वर जितकं उत्पन्न, त्यापेक्षा जास्त कर घ्यायचा नाही. करपात्र उत्पन्न १२,१०,००० असेल तर स्लॅबप्रमाणे कर ६१,५०० येतो, पण भरायचे १० हजार आणि सेसचे ४००. १२,५०,००० वर स्लॅबप्रमाणे ६७,५००, भरायचे ५० हजार आणि सेसचे २ हजार. ही सोय साधारण १२,७०,५८८ रुपयांपर्यंत चालते. त्याच्या पुढे स्लॅबचा करच वरच्या रकमेपेक्षा कमी असतो, म्हणून रिलीफ संपतो.

एक खोच बघा. रिलीफ करावर आहे, सेसवर नाही. म्हणून ज्याचा पगार १२,७५,००० वरून १३,२५,००० झाला, त्याचं करपात्र उत्पन्न १२,५०,००० झालं आणि कर ५२,०००. वाढ ५० हजारांची, कापले ५२ हजार. हातात येणारी रक्कम २ हजारांनी घटली! ‘टॅक्समुळे पगारवाढ नको’ हे एरवी निव्वळ अज्ञानाचं वाक्य आहे, पण या सुमारे ७० हजारांच्या पट्ट्यात त्यात थोडं तथ्य आहे. पट्टा ओलांडला की पुढे १६ लाखांपर्यंत प्रत्येक शंभरातले, सेस धरून, १५ रुपये ६० पैसेच जातात. त्यामुळे वाढ नाकारू नका. ती पट्ट्यात अडकत असेल तर पगाराची मांडणी बदलून घ्या.

मांडणी बदलायची म्हणजे काय? ८०सी खालची गुंतवणूक, घरभाडं, मेडिक्लेम, यातली कुठलीही वजावट नव्या रचनेत चालत नाही. चालतं ते कंपनीकडून एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) जाणारं योगदान, बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत. समजा पिथमपूरच्या कारखान्यात एकाचा पगार १३,५०,००० आहे आणि बेसिक ६ लाख. काहीच केलं नाही तर ७५ हजार वजा जाऊन करपात्र १२,७५,०००. कर ७१,२५०, सेस २,८५०, एकूण ७४,१००. याच पगारातले ८४ हजार कंपनीमार्फत एनपीएसमध्ये वळवले तर करपात्र ११,९१,००० आणि कर शून्य. ते ८४ हजार साठीपर्यंत बऱ्यापैकी अडकतात हे खरं, पण ७४ हजारांचा कर वाचत असेल तर माझं मत सरळ आहे: वळवा. हे एप्रिलमध्येच एचआरला सांगावं लागतं. मार्चमध्ये आठवलं तर वर्षाचा पगार देऊन झालेला असतो.

मर्यादा आणि रिबेट यांतला फरक नुसत्या आकडेमोडीत असता तर एवढं लिहायची गरज नव्हती. तो बँकेच्या काउंटरवर आणि रिटर्न भरतानाही आडवा येतो.

रिटर्नचंच घ्या. रिटर्न भरणं सक्तीचं होतं ते उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या, म्हणजे ४ लाखांच्या वर गेलं की. १२ च्या नव्हे. वर्षाला ९ लाख मिळवणारा ‘आपल्याला टॅक्सच नाही’ म्हणून स्वस्थ बसला, तर कर शून्य असूनही उशिराचे ५ हजार भरावे लागतात (उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर हजार). वर शेअरमधला तोटा पुढच्या वर्षी ओढता येत नाही. रिबेट हा रिटर्नमध्ये हिशेब मांडून मिळवायचा असतो, घरबसल्या गृहीत धरायचा नसतो.

एफडीच्या व्याजाचा घोळ लोकमान्य नगरात आणि सुदामा नगरात घरोघरी सापडेल. टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच बँक कापते तो कर, कापू नये म्हणून साठीच्या आतले १५जी देतात, साठीच्या वरचे १५एच. दोन्ही फॉर्म सारखे दिसतात म्हणून नियमही सारखाच असं समजू नका. १५एच साठी एकच अट: वर्षाचा कर शून्य यायला हवा. त्यामुळे ६६ वर्षांच्या काकांचं व्याजाचं उत्पन्न ११ लाख असलं तरी रिबेटमुळे कर शून्य, आणि ते १५एच बिनदिक्कत देऊ शकतात. १५जी ला दोन अटी: कर शून्य हवा, शिवाय व्याजाचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत हवं. ५५ व्या वर्षी व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेऊन ६ लाख व्याजावर राहणाऱ्याचा कर शून्यच आहे, पण व्याज ४ लाखांच्या वर असल्यामुळे तो १५जी देऊ शकत नाही. त्याने टीडीएस कापू द्यावा आणि रिटर्न भरून परत घ्यावा. ‘सगळे देतात’ म्हणून फॉर्मवर सही ठोकू नका. ते कायद्याने केलेलं निवेदन आहे, चिठ्ठी नव्हे.

शेअर आणि म्युच्युअल फंडवाल्यांनी हा भाग सावकाश वाचावा. शेअर वर्षाच्या आत विकून झालेल्या नफ्यावर २० टक्के कर, वर्षानंतर विकल्यास सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. या खास दरांच्या करावर नव्या रचनेत रिबेट मिळत नाही. पगाराचं करपात्र उत्पन्न ९ लाख आणि अल्प मुदतीचा नफा १ लाख, एकूण १० लाख. बारांच्या आत आहे, मग शून्य? नाही. ९ लाखांवरचे ३० हजार रिबेटमध्ये गेले, पण नफ्यावरचे २० हजार आणि सेसचे ८०० भरायचेच.

करमुक्त मर्यादा मात्र या नफ्यालाही थोडी सावली देते. एखाद्या काकूंचं व्याज ३ लाख आणि अल्प मुदतीचा नफा २ लाख आहे. ४ लाखांची मर्यादा व्याजाने पूर्ण भरली नाही, १ लाख शिल्लक राहिले. तेवढा नफा त्यात बसतो आणि उरलेल्या १ लाखावरच २० टक्के लागतो. भारतात राहणाऱ्यांना ही सोय आहे, अनिवासींना नाही.

अनिवासींचं तर आणखी वेगळं. ४ लाखांची मर्यादा त्यांना आहे, रिबेट नाही. मुलगा अमेरिकेत, त्याच्या निपानियातल्या फ्लॅटचं भाडं वर्षाला ५ लाख आणि एनआरओ (अनिवासींच्या इथल्या) खात्याचं व्याज ३ लाख. भाड्यातून ३० टक्के वजा जाऊन साडेतीन, एकूण साडेसहा लाख. इथे राहत असता तर शून्य. तिथे राहतो म्हणून अडीच लाखांवर ५ टक्के आणि सेस, १३ हजार. त्यातून भाडेकरूने अनिवासी मालकाला भाडं देताना ३१.२ टक्के टीडीएस कापायचा असतो, हे ना भाडेकरूला ठाऊक असतं ना घराकडे बघणाऱ्या बाबांना. एचयूएफलाही (हिंदू अविभक्त कुटुंबालाही) रिबेट नाही; तो फक्त व्यक्तीला आहे.

नोकरी बदलणारेही यातच सापडतात. एप्रिल ते सप्टेंबर पहिल्या कंपनीत साडेपाच लाख, ऑक्टोबर ते मार्च दुसरीत साडेआठ लाख. पहिलीने वर्षाचा अंदाज ११ लाख धरला, दुसरीने आपलेच साडेआठ बघितले. दोघींच्या हिशेबात रिबेट बसला, कुणीच काही कापलं नाही. प्रत्यक्षात १४ लाखांतून ७५ हजार वजा, करपात्र १३,२५,०००, कर सेससकट ८१,९०० आणि वर व्याज. नव्या कंपनीत रुजू होताना फॉर्म १२बी भरून आधीचा पगार कळवला की हे टळतं.

सरकारने मर्यादाच १२ लाख का केली नाही, हा प्रश्न मात्र रास्त आहे. उत्तर खर्चाचं आहे. मर्यादा वाढवली की वरच्या सगळ्यांनाही तितकाच फायदा द्यावा लागतो. रिबेटचा फायदा आखलेल्या रेषेखालच्यांपुरता राहतो. २०१३ साली ८७अ आला तेव्हा रिबेट २ हजारांचा होता. २०१९ च्या अंतरिम बजेटमध्ये तो साडेबारा हजार झाला आणि ‘५ लाख टॅक्स फ्री’ सुरू झालं. २०२३ मध्ये नव्या रचनेत ७ लाख, २०२५ मध्ये १२. दर वेळी घोषणा रिबेटची आणि टाळ्या मर्यादेला. यात सरकारचा तोटा काहीच नाही. वर्तमानपत्रांनी तरी मथळ्यात ‘रिबेट’ हा शब्द घालावा, जागा असतेच. २०२५ मध्ये स्लॅबही बदलले, त्यामुळे २५ लाखवाल्याचेही १ लाख १० हजार वाचले. पण ते स्लॅबमुळे, रिबेटमुळे नव्हे.

जुन्या रचनेत साठीच्या आतल्यांना मर्यादा अडीच लाख, रिबेट ५ लाखांपर्यंत, आणि मार्जिनल रिलीफ नाही. करपात्र ५,१०,००० झालं की सरळ १५,०८० भरा.

पगारपत्रकावर दरमहा २०८ रुपये कापलेले दिसतात आणि ‘टॅक्स नाही म्हणाले होते ना?’ असं विचारलं जातं. तो मध्य प्रदेशचा वृत्तिकर आहे, वर्षाला २,५०० रुपये, बाराव्या महिन्यात २१२. दिल्लीच्या बजेटशी त्याचा संबंध नाही, आणि नव्या रचनेत तो उत्पन्नातून वजाही होत नाही.