लग्नातील पाहुण्यांचा पोशाख (पुणे)

लग्नास निमंत्रित म्हणून जाताना पाळले जाणारे वस्त्रसंकेत. पुण्यातील मराठी लग्नांत ते वधूवरांशी असलेले नाते व कार्याची वेळ यांवरून ठरतात. सीमांतपूजन, मुहूर्त व सायंकाळचा स्वागतसमारंभ यांसाठी जवळचे आप्त निरनिराळा पोशाख करतात. इतर स्नेही एकाच कपड्यांत अक्षता व जेवण उरकतात.

स्त्रियांत जरीकाठी रेशमी साडी सर्वमान्य असून तीत पैठणीचा मान मोठा. पैठणीचा उगम सातवाहनकाळापर्यंत मागे नेण्याचा प्रघात आहे व त्यासाठी इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथाचा आधार दिला जातो. तथापि त्यात पैठणहून भडोचला जाणारा माल म्हणून अकीकवर्गीय दगडांचा निर्देश आहे. कापड तगर (आजचे तेर) येथून येई, व त्यातही जाडेभरडे कापड आणि मलमल. त्यामुळे आजच्या पैठणीशी त्याचा थेट संबंध जोडणे धाडसाचे ठरते. पेशवेकालीन पत्रांत आढळणारी असावली (फुलवेलींच्या नक्षीच्या) दुपेट्यांची मागणी हा त्या मानाने अधिक भक्कम पुरावा होय. हातमागावरील अस्सल पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो, कारण नक्षीचे धागे मागे मोकळे सोडलेले नसतात. पैठणीस २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मंगल कार्यालयांत मात्र यंत्रमागावरील ‘सेमी पैठणी’च अधिक दिसते. शेजारणीचा पदर उलटून पाहण्याची पुणेरी जिज्ञासा त्यामुळे अगदीच निराधार म्हणता येत नाही.

काळा रंग संक्रांतीच्या चंद्रकळेस शोभतो, मुहूर्तास टाळतात; सायंकाळी तरुण मंडळी तो सर्रास वापरतात. नऊवारी (सु. ८.२ मी.) पाहुण्यांपैकी मुख्यतः करवल्या नेसतात, तीही बहुधा शिवलेली.

पुरुषांत धोतर व उपरणे ज्येष्ठांपुरते उरले असून झब्बा किंवा सदरा-पॅंट रूढ आहे. डोक्यावर फेटा अथवा पुणेरी पगडी असते. पगडी पेशवाईतील मानण्याकडे लोकांचा कल आहे. तिचे आजचे रूप १९ व्या शतकात स्थिरावले असावे, हे मत अधिक संभाव्य वाटते. तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पगडी तयार मिळते. फेटा दर वेळी नव्याने बांधावा लागतो. तो पाहुण्याने घरून आणावयाचा नसतो: यजमानांनी बोलावलेला फेटेवाला कार्यालयातच मानाच्या पाहुण्यांना फेटे बांधतो.